रेकॉर्डवर ते फेटलिंगला नव्हतेच

मंगलवहिनी, अशोकभाऊंच्या दोन्ही लेकी, मोशीतली शेजारची मंडळी, आणि कंपनीतून आलेले आपण सगळे.

मी सुरेखा. अशोक डोईफोडे भाऊंबरोबर चाकणच्या फाउंड्रीत सहा वर्षं काम केलं. पेंट शॉपला आहे मी. शोकसभेत माइक हातात धरायची ही पहिलीच वेळ. घरून निघताना वाटलं होतं, दोन वाक्यं बोलेन आणि रडत खाली बसेन. पण माझ्या आधी आपले एचआरचे साहेब बोलले, आणि माझं रडू पळालं. आता नुसता राग उरलाय. तेवढा चालवून घ्या.

साहेब म्हणाले, अशोकराव प्रामाणिक कामगार होते, पण त्यांनी तब्येतीकडं दुर्लक्ष केलं.

दुर्लक्ष? भाऊंनी?

विडी नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा अर्धा कप. असा माणूस पन्नाशी गाठायच्या आत गेला. दुर्लक्ष कोणी केलं ते मी सांगते. साहेब, बसा. आमचं ऐकून मग जा.

शेजारच्या मंडळींना आमचं काम माहीत नसेल. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. ओतताना आत गॅस अडकला की लोखंडात भोक राहतं. कधी वरून टाचणीएवढं दिसतं आणि आत सुपारीएवढी पोकळी असते. असा माल बाद करायचा असतो. तो बाद करायला भाऊ होते. इन्स्पेक्शनला. एकेक नग उलटापालटा करून बघायचे, हातोडीनं ठोकून कान लावायचे. आवाज बद्द आला की लाल रंगाची फुली.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. ट्रकच्या चाकाचे हब आले होते पेंटला. सुपरवायझर म्हणाला, भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भर, घास आणि प्रायमर मार. मी भरत बसले. भाऊ आले, बघितलं. म्हणाले, "ताई, हे काय चाललंय?"

मी म्हणाले, "सांगितलंय तसं करते, भाऊ."

त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्यासमोर एका नगातली लांबी उकरली. आख्खं टोक आत गेलं. म्हणाले, "लांबी दाराच्या चौकटीला भरत्यात. ह्याच्यावर ट्रकचं चाक फिरणार हाय. ट्रकच्या पुढं कोणाची तरी मोटारसायकल असणार हाय."

आवाज चढवला नाही. मला अपमान वाटेल असं काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी सगळ्या लॉटवर फुल्या मारल्या. मॅनेजर स्वतः खाली आला. "डोईफोडे, गाडी उभी आहे, सही कर." भाऊ म्हणाले, "सही माझी हाय ना साहेब? मग नाही करत."

एवढंच. एवढाच त्यांचा गुन्हा.

सोमवारी त्यांना फेटलिंगला टाकलं. तोंडी. "दोन महिने मदत करा, माणसं कमी आहेत." फेटलिंग म्हणजे नगाला चिकटलेली वाळू आणि वरचं जादा लोखंड ग्राइंडरनं काढायचं. तिथं धूळ ओढून घेणारा मोठा पंखा आहे. तो बंद. त्याच्या धूळ अडवणाऱ्या पिशव्या फाटल्यात म्हणून बंद. गिऱ्हाईक कंपनीचे लोक बघायला यायचे त्या दिवशी तेवढा सुरू. ते गेटबाहेर गेले की पुन्हा बंद. दोन महिन्यांची चार वर्षं झाली. भाऊंनी पंख्यासाठी तीन वेळा लेखी अर्ज दिला. उत्तर काय? रुमाल बांधा!

आणि त्या फुल्या मारलेल्या नगांचं काय झालं, विचारा ना. विचारा मला.

मंगळवारी ते परत माझ्या टेबलावर आले. मी थिनरनं फुल्या पुसल्या. मी. ह्याच हातांनी. लांबी भरली, घासलं, रंग मारला. आरशासारखे दिसत होते. भाऊ समोरून ग्राइंडर घेऊन चालले होते, माझ्याकडं बघून तसेच पुढं गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग भाऊंना खोकला सुरू झाला. टीबी म्हणून औषधं दिली. थुंकी तपासली, काही नाही. तरी औषधं. सहा महिने झाले, पुन्हा तोच कोर्स. जिना चढताना अर्ध्यात बसायला लागले. शेवटी सरकारी दवाखान्यात एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काम काय करता?" इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी एक्स-रे बघितला आणि लिहून दिलं, वाळूची धूळ फुप्फुसात बसली आहे. सिलिकोसिस. ह्याला औषध नाही.

ते पत्र घेऊन वहिनी कंपनीत गेल्या. साहेब, तुम्हीच होता खुर्चीत. काय म्हणालात? "रेकॉर्डवर ते इन्स्पेक्शनला आहेत. फेटलिंगला कधी नव्हतेच."

नव्हतेच! चार वर्षं माणूस धुळीत उभा, भुवया पांढऱ्या, डब्यात वाळूची खरखर, आणि तुमच्या कागदावर तो एसीत टेबलामागं बसलाय?

वहिनी मग आमच्या दारोदार फिरल्या. ते कुठं काम करत होते एवढंच लिहून द्या, म्हणाल्या. आम्ही काय केलं? कोणी म्हणालं, बघू. कोणी म्हणालं, माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. मी चहा केला. वहिनींना चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवलं. भाऊ तेव्हा जिवंत होते. घरी गेल्यावर त्यांनी विचारलं असेल ना, सुरेखाताई काय म्हणाली?

वहिनी, तेव्हा दिलं नाही ते काल लिहिलं. ही बघा दोन पानं. भाऊ चार वर्षं फेटलिंगला होते, पंखा बंद होता, हे लिहिलंय. त्यांना तिथं का टाकलं तेही लिहिलंय. लांबी मी भरली, फुल्या मी पुसल्या, हेसुद्धा. खाली माझी सही आहे. उद्या मला गेटवर अडवतील. अडवू देत. कामगार खात्यात वहिनींबरोबर मी जाणार आहे.

आता तुमचं बोला. मागं उभे आहात ते. मोल्डिंगवाले, भट्टीवाले. खाली मान घालू नका. तुम्हाला सगळं ठाऊक आहे.

दोन मिनिटं शांत उभं राहायची पद्धत आहे, मला ठाऊक आहे. मी ती मागणार नाही. भाऊ जिवंत होते तेव्हा आपण पुष्कळ शांत राहिलो. ज्यांना ह्या पानांखाली सही करायची आहे त्यांनी पुढं या. तोच त्यांना नमस्कार.

कोण? हणमंत?

मंडळी, हा हणमंत. फेटलिंगला भाऊंच्या शेजारच्या मशीनवर असतो. बाजूला व्हा, त्याला वाट द्या.

ये भावा. सावकाश ये. दम लागतोय तुला.