अर्चनाच्या नावाचा विमा

बसा, बसून घ्या सगळे. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

साताऱ्याहून पाहुणे आलेत. अर्चनाच्या द्रोणागिरीच्या गोडाऊनमधली मंडळी सुट्टी टाकून आलीत. सोसायटीने हॉल दिला. तुम्हा सगळ्यांचे उपकार आहेत. मी सुनंदा, सानपाड्याला राहते. अर्चना माझी धाकटी जाऊ. तिला जाऊन महिना झाला, पण तिच्याबद्दल ‘होती’ म्हणताना अजून जीभ अडते.

घरून मला सांगितलंय, दोन शब्द गोड बोला. प्रयत्न करते. पण खरं सांगू? मला राग आलाय. आणि राग गिळून गोड बोलायची कला मला कधी जमली नाही.

सकाळपासून ऐकतेय, अर्चना किती शांत, किती सोशिक. कोण सोशिक? आमची अर्चना? अहो, कंटेनरच्या ड्रायव्हरांना हाका मारून मारून तिचा आवाज एवढा चढलेला, की फोन कानापासून लांब धरावा लागायचा. गोडाऊनची शिफ्ट सांभाळायची ती. भांडायची. चुकलं की तोंडावर सांगायची. मला ती तशीच आवडायची.

खारघरचा हा फ्लॅट घ्यायचं ठरलं तेव्हाची गोष्ट. प्रशांतभाऊजी, अर्चनाचे मिस्टर, क्लासमध्ये गणित शिकवतात. मुलं आली तर पगार, नाही आली तर नाही. पक्का पगार अर्चनाचा. कर्ज दोघांच्या नावावर, पण ते मिळालं तिच्या पगाराकडे बघून. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

कर्जासोबत विमा घ्या म्हणून एक जण आमच्या सानपाड्याच्या घरी आला. कागद पसरले. विमा फक्त भाऊजींच्या नावावर. कर्ज कमी होईल तसा विमा कमी होणार, आणि काही झालं तर पैसे थेट बँकेला. अर्चनाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “माझ्या नावाचा कुठाय?”

त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भाऊजींना म्हणाला, “सर, मॅडमचं नंतर बघू.”

ती म्हणाली, “हे गेले तर हप्ता मी ओढीन. मी गेले तर यांच्या पगारात घर राहील का?”

आमचे सासरे, नाना, पेपर खाली ठेवून म्हणाले, “सवाष्णीच्या मरणाची बोलणी या घरात नकोत.”

“नाना, मी घराचं बोलतेय,” एवढंच ती म्हणाली.

नाना, तुम्ही इथे पुढेच बसलाय. तुमच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण झालं ते झालं, ते सांगितलंच पाहिजे.

तिने तो कागद परत पाठवला. चार ठिकाणी चौकशी केली. शेवटी दोघांचे वेगवेगळे विमे घेतले, साधे, मुदतीचे, पैसे घरच्यांच्या हातात येतील असे. आणि तिच्या नावाचा मोठा. तो भरताना अजून एक तंटा. ती ब्लडप्रेशरची गोळी घ्यायची. एजंट म्हणाला, ते लिहू नका, हप्ता वाढेल. भाऊजीही म्हणाले, कशाला लिहितेस? तिने लिहिलं. मला नंतर म्हणाली, “ताई, खोटं लिहून घेतलेला विमा मी मेल्यावर कुणाच्या उपयोगाचा?” हप्ता वाढला. तिने भरला.

आणि आपण काय केलं? वास्तुशांतीच्या दिवशी तिने नानांपुढे पाण्याचा तांब्या केला. नानांनी तो घेतला नाही. माझ्या हातून घेतला. पाहुण्यांत कुजबुज झाली, नवऱ्यापेक्षा स्वतःचा विमा मोठा काढते, बाई आहे की कोण आहे. ती आत गेली, पुऱ्या तळत बसली. मी मागून गेले तर म्हणाली, “तेल उडतंय ताई, लांब उभ्या राहा.” डोळे लाल होते.

महिन्यापूर्वी शिफ्टवर असताना डोकं धरून खाली बसली. मेंदूत रक्तस्राव. गोडाऊनच्या मुलांनी उचलून दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आलीच नाही.

विमा कंपनीने तिची जुनी गोळी, जुने रिपोर्ट, सगळं तपासलं. तिने आधीच लिहून दिलेलं होतं. हरकत घ्यायला जागाच नव्हती. परवा पैसे मंजूर झाल्याचं कळलं. घर राहिलं.

आणि आता लोक मला म्हणतात, नशीब चांगलं. नशीब? ती वर्षभर आपल्या माणसांशी भांडली, आपल्या माणसांचं टाकून बोलणं सोसलं, आणि आपण त्याला नशीब म्हणायचं?

तेही मी ऐकून घेतलं असतं. पण या महिन्यात एक वाक्य या घरात, या जिन्यात फिरतंय. “बोलून बोलून तिने ओढवून घेतलं.” कोण म्हणालं मला माहीत आहे. नाव घेणार नाही.

ते वाक्य ओवीपर्यंत पोचलं. अर्चनाची पोर, नऊ वर्षांची. परवा वेणी घालताना मला म्हणाली, “मोठी आई, आईने त्या कागदावर सही केली म्हणून ती गेली का?”

काय उत्तर देणार होतात तुम्ही? सांगा ना. तुमच्यापैकी कोण देणार होतं?

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, “आईच्या डोक्यातली नस फुटली, म्हणून ती गेली. सही केली म्हणून तू तुझ्याच खोलीत झोपतेस.” तिला किती कळलं, माहीत नाही.

आज मुद्दामच तिला शाळेत पाठवलंय. संध्याकाळी ती तुम्हाला घरी भेटेल. तिच्याशी तिच्या आईबद्दल बोला. ती कशी ओरडायची ते सांगा, कशी भांडायची ते सांगा. फक्त ते एक वाक्य तिच्या कानावर पुन्हा जाऊ देऊ नका. माझं एवढंच मागणं आहे, हात जोडून.

आता उठूया. नाना, तुम्ही बसूनच राहा, गुडघे दुखतात तुमचे.

अर्चना, तुला नमस्कार गं. आता जरा वेळ कुणीच काही बोलणार नाही.