सारस आणि एकच रस्सी

हसू नका, पण त्या दिवशी आमची ही दलदलीत गुडघ्यापर्यंत रुतली होती. सारस बघायला म्हणून कोलार रोडवरून पहाटेच तलावाकाठी गेलो होतो. "अहो, पाय निघत नाहीये!" ऐकलं आणि मी धावलो, सिंघाडे काढणाऱ्या एका माणसाला रस्सीसकट घेऊन आलो. बघतो तर ही धुक्यात शांत उभी.

"ओरडू नका," हळूच म्हणाली, "आलेत."

दहा पावलांवर सारसाची जोडी, धुक्यातूनच उगवल्यासारखी. मला राहवेना. तसाच चालत हिच्याशेजारी गेलो आणि मीही रुतलो.

काठावरून तो माणूस म्हणाला, "भाईसाहब, रस्सी तो एक ही है."

सारसांवरची नजर न हलवता ही म्हणाली, "कोई जल्दी नहीं, भैया."