उजवीकडे बघत पिकअप मागे घेतल्याबाबत

नाव: अर्लो हाउगेन, वय ६८ वर्षे, धंदा शेती (मका व सोयाबीन), राहणार ऑल्मा ग्रोव्ह गावाच्या उत्तरेस, खडीचा रस्ता, आयोवा.

मी समक्ष काउंटी शेरीफच्या ठाण्यात हजर राहून, डेप्युटी शॉना वेबर यांनी विचारल्यावरून जबाब देतो की, मी वरील ठिकाणी पत्नी इर्मा हिच्यासह राहतो. आमची एकुलती मुलगी ब्रिटा, वय ३३, हिने गेल्या वसंतात गावातल्या जुन्या बियाण्यांच्या दुकानाच्या जागेत दवाखाना उघडला आहे. ती कायरोप्रॅक्टर आहे, म्हणजे मणके आणि सांधे हाताने दाबून, हलवून मोकळे करते. त्याचे शिक्षण तिने डेव्हनपोर्टला घेतले. दवाखान्यात पेशंटची नावे इर्मा लिहून घेते. धंदा नवा आहे. लोक अजून काचेतून आत डोकावतात आणि पुढे जातात.

मला मानेचे दुखणे आहे. कारण विचारले म्हणून सांगतो. ट्रॅक्टरवरचा माणूस पुढे कमी आणि मागे जास्त बघतो, कारण नांगर आणि पेरणीयंत्र मागे असते. मी जन्मभर उजव्या खांद्यावरून मागे बघत आलो. त्याखेरीज कान आणि खांदा यांच्यात फोन दाबून मक्याचा भाव ऐकणे आणि टीव्हीसमोर आरामखुर्चीत मान लटकवून झोपणे, ही दोन्ही कामे मी मन लावून केली. गेल्या सुगीपासून मान उजवीकडे फिरेनाशी झाली. कोणी हाक मारली की मी कमरेपासून अख्खा वळत असे. इर्मा म्हणाली, अख्खाच फिरवावा लागणारा घरात एक फ्रीज होता, आता दोन झाले. बाहेर कोणी विचारले तर मी बरे चालले आहे असे सांगत असे. आमच्याकडे हात मळणीयंत्रात सापडला तरी माणूस तेवढेच सांगतो.

ब्रिटाच्या हे लक्षात आले होते. बाबा, दोन मिनिटे बस, मी बघते, असे ती पुष्कळदा म्हणाली. मी दर वेळी ठणठणीत आहे असे सांगून अवजारांच्या शेडकडे निघून जात असे. शेडमध्ये काही काम नसे. मी तिथे उभा राहून परत येत असे.

दुखणे झोपू देईना तेव्हा मी वीस मैलांवरच्या नॉर्वेल गावी डॉ. विल्बर क्लासेन यांच्याकडे जायचे ठरवले. तेही कायरोप्रॅक्टर आहेत, माझ्याच वयाचे. यात अडचण अशी की आमच्या भागात माणूस कुठे आहे ते त्याच्या पिकअपवरून कळते. माझी पिकअप क्लासेनच्या दारात दिसली असती, तर माझ्याआधी बातमी घरी पोहोचली असती. खाणावळवालीचा नवराच दुसरीकडे जेवू लागला, तर तिच्याकडे ताट कोण मांडून घेईल? पोरीचा दवाखाना बापाच्या पायी बसला असता. म्हणून मी शेजारी डेल्मर स्टोल्ट्झ याच्याशी पिकअप बदलून घेतली. माझ्या गाडीचे ब्रेक नीट लागत नाहीत, असे खोटे कारण सांगितले. डेल्मर म्हणाला, "ब्रेक लागत नाहीत, म्हणून तू माझी नेतोस आणि तुझी मला देतोस?" मी म्हणालो, तू कुठे जातोस? त्यावर त्याने खिशातून किल्ली काढून दिली.

आज गुरुवारी माझी तिसरी खेप होती. डॉ. क्लासेन यांनी हाताला मुंग्या येतात का, चक्कर येते का, हे नेहमीप्रमाणे विचारले, रक्तदाब बघितला, मग मान धरून हलकेच झटका दिला. कडकन आवाज झाला. मला वाटले संपलो. संपलो नव्हतो. उठून बघतो तर मान उजवीकडे गेली, खांद्यापर्यंत.

मी बाहेर येऊन डेल्मरच्या पिकअपमध्ये बसलो, मागचा गिअर टाकला आणि उजव्या खांद्यावरून मागे बघितले. सुगीपासून ती बाजू मी बघितलीच नव्हती. नॉर्वेलची पाण्याची टाकी दिसली, तिच्यावरचे अक्षर न अक्षर दिसले. एक बाई कुत्रे घेऊन चालली होती, तीही दिसली. मला फार आनंद झाला. त्या आनंदात मी उजवीकडेच बघत राहिलो आणि पिकअप मागे घेतली. डावीकडून आवारात येत असलेल्या राखाडी मोटारीला धडक बसली. चूक सर्वस्वी माझी आहे.

सदर मोटार आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या ओल्सनबाईंची आहे, हे मी ओळखले. माफी मागायला टोपी काढून खिडकीशी गेलो. आत ओल्सनबाई नव्हत्या. ब्रिटा होती.

"बाबा, तू इथे काय करतोयस?"

मी म्हणालो, डेल्मरच्या गाडीचे ब्रेक बघतोय. हे मी धडक दिल्यानंतर म्हणालो, याची नोंद घ्यावी.

मी तिला तोच प्रश्न विचारला. तिने सांगितले की दिवसभर लोकांच्या पाठीवर वाकून तिचीच मान धरते, आणि स्वतःची मान स्वतःला बसवता येत नाही. म्हणून ती क्लासेनकडे येते. जिची स्वतःची मान दुखते तिच्याकडे गावातले कोण येईल, म्हणून तीही मागून आणलेल्या मोटारीने येते. शेवटी मुलगी कोणाची, असे मी म्हणालो. ती हसली, मग हसू थांबले.

"तू त्यांच्या टेबलावर झोपलास आणि माझ्या नाही. माझ्या हातांवर तुझा विश्वास नाही, एवढं सांग, मी ऐकून घेईन."

मला असले बोलायची सवय नाही. पण रस्ता अडला होता आणि शेड जवळपास नव्हती. डॉ. क्लासेन यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते की मानेच्या उपचारात फार क्वचित, पण एखाद्याचे वाईट होऊ शकते. ते माझ्या डोक्यातून गेले नव्हते. मी म्हणालो, "क्लासेनच्या हाताखाली माझं काही झालं, तर तो चार दिवस हळहळेल आणि पुढचा पेशंट घेईल. तुझ्या हाताखाली झालं, तर तू जन्मात परत कुणाच्या मानेला हात लावणार नाहीस."

ब्रिटाने मोटारीचे इंजिन बंद केले. मग म्हणाली, "आणि मी रोज ज्यांच्या मानेला हात लावते, ते कुणाचेच बाप नाहीत?"

मी खाली वाकून फुटलेल्या दिव्याच्या काचा वेचू लागलो. डेप्युटी वेबर तेव्हा येऊन पोहोचल्या.

राखाडी मोटारीचा पुढचा दिवा फुटला आहे. ब्रिटाच्या मानेला हिसका बसला. तिला तिथेच डॉ. क्लासेन यांनी तपासले, विशेष काही नाही असे ते म्हणाले. ते तपासत असताना मी हातात टोपी धरून बाजूला उभा होतो आणि त्यांच्या बोटांवरून माझी नजर हलत नव्हती.

ठाण्यातल्या नोंदी दर आठवड्याला गावच्या वर्तमानपत्रात छापून येतात, म्हणून अपघाताचे ठिकाण नुसते "नॉर्वेल येथील एक आवार" असे लिहावे, अशी विनंती मी डेप्युटी वेबर यांना केली. माझ्याबरोबर ठाण्यात आलेली ब्रिटा बाकावरून म्हणाली, "पूर्ण लिहा. कायरोप्रॅक्टरलाही मान असते, हे गावाला एकदाचं कळू दे." त्यावरून ठिकाण पूर्ण लिहिले आहे.

पुढील मजकूर वाचनानंतर जोडला आहे. जबाब वाचून दाखवणे सुरू असताना ब्रिटा माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात माझ्या मानेवर ठेवले. दाबले नाहीत, फिरवले नाहीत, नुसते ठेवले. डेप्युटी वेबर यांनी थांबू का म्हणून विचारले. मी म्हणालो, वाचा. मला भीती वाटत होती. मी जागचा हललो नाही. वाचलेले सगळे मी शेवटपर्यंत ऐकले, ते मी सांगितले तसेच आहे, खाली सही करत आहे.

(सही) अर्लो हाउगेन