इथं कोणी जानकी राहत नाही!

...असं म्हणाली ती! सरळ! फोनमध्ये तोंड घालून! "इथं कोणी जानकी राहत नाही!" अहो, मग मी कोण? तिच्यापासून चौथं दार माझं, मध्ये एक नळ आणि एक शेवग्याचं झाड, तिच्या कुकरच्या शिट्या मला ऐकू येतात, माझ्या बांगडा मासळीच्या तिखल्याचा वास तिला जातो, आणि म्हणे राहत नाही! तुम्हाला सांगते, असा तिळपापड झाला माझा... नाही, थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई उगाच तडतडते.

आम्ही चारकोपला. तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीत फोन एकच, रत्नप्रभाबाईंकडे. का? कारण त्यांचे मिस्टर भिकाजीराव म्हणजे पुढारी! अजून कशात निवडून नाही आले हो, पण येणार येणार म्हणून चार वर्षं पांढरे कपडे घालून फिरतायत. पक्षाच्या साहेबांची चिठ्ठी नेली, दोन महिन्यांत फोन हजर! आणि आमच्या ह्यांनी, म्हणजे दशरथ परबांनी, गिरणीत होते तेव्हा ऐंशी साली नाव नोंदवलेलं. गिरणी गेली, लालबागची खोली गेली, हे इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लागले, तरी आमचा फोन आपला येतोच आहे!

मग करायचं काय? पी.पी.! कुठल्याही फॉर्मवर फोन नंबर विचारला की शेजाऱ्यांचा लिहायचा आणि पुढे लावायचं पी.पी. त्या दोन अक्षरांचा अर्थ काय ते देव जाणे, पण फोन त्यांचा आणि निरोप आपला, एवढं सगळ्यांना ठाऊक. मीही लिहिलं. आमच्या अनूच्या, म्हणजे अनुपमाच्या, शाळेच्या फॉर्मवर.

म्युनिसिपाल्टीच्या शाळेत चौथी झाली तिची. पाचवीला तिला ती स्टेशनजवळची शाळा हवी. का, तर तिथं कॉम्प्युटर आलाय! एकच बरं का. चपला बाहेर काढून जायचं म्हणे, देवघरात जातात तसं. एकदा खिडकीतून बघून आली आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेनाने चौकोन काढून ए बी सी लिहून बसली... टकटक टकटक! भाजी निवडायला ये म्हटलं तर, "आई, थांब, मी कॉम्प्युटरवर आहे!" आता अशा पोरीला नाही कसं म्हणायचं? भरला फॉर्म. नाव लागलं वेटिंगला.

जून उजाडला, शाळा सुरू झाली, फोन नाही. शेवटी हाफ डे टाकून हे आणि मी गेलो शाळेत. तिथला कारकून, चष्मा नाकावर, नजर कागदात. "फोन केला होता बाई. जागा रिकामी झालीय, उद्या अकराच्या आत मुलीला घेऊन या म्हणून. तिकडून उत्तर आलं, इथं कोणी जानकी राहत नाही. मग काय, पुढचं नाव घेतलं."

मी तशीच तिच्या दारात. म्हटलं, वहिनी, असं कसं म्हणालात? तर हात गालाला लावून, "अय्या! तू जानकी होय? मला काय माहीत गं! मी तर तुला अनूची आई म्हणते. त्यांनी अनूची आई आहे का असं विचारायचं ना!"

आता खरं सांगायचं तर... जानकी म्हणून मला हाक मारतंय कोण? माहेरी मी शेवंती. जानकी लग्नात तांदळात लिहिलं, तेव्हा ह्यांनी एकदा उच्चारलं, त्यानंतर बारा वर्षं नुसतं "अगं". ते नाव राहतं फक्त रेशन कार्डावर. पण म्हणून काय झालं? विचारायचं नाही गल्लीत? चार दारं वाजवायची नाहीत? मी काही ऐकून घेतलं नाही. माझी पोर घरी त्या कॅलेंडरवर पालथी पडून रडत होती. मी मनात म्हटलं, रत्नप्रभाबाई, फोनचा तोरा आहे ना तुम्हाला? आता बघाच. त्या फोनला तुम्ही हात जोडाल!

दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. जिथं जाईन तिथं तिचा नंबर! रॉकेलवाल्याला दिला, शिंप्याला दिला, गॅसच्या रांगेत पुढे सहा आणि मागे सहा बायकांना दिला. "नळाला पाणी नाही? गटार तुंबलं? भिकाजीरावांना फोन करा, त्यांना फार आवडतं!" सार्वजनिक नळाच्या भिंतीवर अनूच्या खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, तक्रारीसाठी चोवीस तास, आणि खाली नंबर. बाजारातल्या कोळणीला दिला, तर ती दुसऱ्याच दिवशी वाण्याकडच्या फोनवरून, "ओ पुढारी, आमच्या ओट्यावर कुत्री बसतान, उठवाला येताव का?"

आणि गाव राहिलं होतं ना! पोस्टकार्ड टाकलं वेंगुर्ल्याला, कुंडलिकमामाला. मामा फोनवर असा ओरडतो की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. ट्रंककॉल! ही धावत माझ्याकडे, पदर एकीकडे, चप्पल एकीकडे. "अनूची आई, गावाहून अर्जंट आहे गं!" मी सावकाश हात धुतले, सावकाश गेले. "गे बाये, म्हस येली! रेडकू झाला, रेडकू!" बस! एवढंच! ठेवला! आठ दिवसांनी परत, रेडकू उभा रवलो म्हणून. तुम्हाला सांगते, तिचा तो चेहरा बघून मला दोन घास जास्त गेले त्या दिवशी. पण रोज त्या फोनजवळ उभं राहिलं की माझ्या कानात तेच... इथं कोणी जानकी राहत नाही!

वर्ष काढलं तिने असं. अहो, भिकाजीराव जेवायला बसले की ट्रिंग, पूजेला बसले की ट्रिंग, आणि कुठं बसले तरी ट्रिंग! मे महिन्यात एके दुपारी साहेब घरी आलेले, तिकिटाचं बोलणं चाललेलं, सरबत हातात, आणि फोन! भिकाजीरावांनी मोठ्या रुबाबात उचलला. कोण? मामा! रेडकू हरवलो! झालं! त्या माणसाने फोन वायरीसकट उपटला आणि आपटला! दोन तुकडे! लाइनमन येऊन बघून गेला, म्हणाला, अर्ज करा, दोन-तीन महिने लागतील. आली का मजा?

आणि माझं नशीब बघा... त्याच्या महिनाभर आधी आमचा फोन आला होता! आठ वर्षांनी! काळा, चकचकीत, मी त्याला क्रोशाचं कव्हर घातलेलं. मग कोण आलं माझ्या दारात? वाटीत शिरा घेऊन? "अनूची आई, थोडे दिवस तुझा नंबर देते हं... पी.पी." मी म्हटलं, द्या की! मनात म्हटलं, ये. ये अशी माझ्या हातात.

जून आला. परत ॲडमिशनचे दिवस. सहावीसाठी आम्ही कुठं फॉर्मच भरला नव्हता, कोण जाणार पुन्हा अपमान करून घ्यायला? अनूनेही विषय काढला नाही. कॅलेंडर मात्र नवीन वर्षाचं घेतलेलं तिने... मागची बाजू तीच, टकटक.

एके सकाळी मी तांदूळ निवडतेय, फोन वाजला. "रत्नप्रभाबाई आहेत का? शाळेतून बोलतोय. ॲडमिशनचं होतं..." तोच आवाज! चष्मा नाकावरचा! माझ्या डोक्यात लख्ख. हिचा भाचा आलाय ना अलिबागहून, त्याचं काम! साहेबांची चिठ्ठी लागली असणार! वर्षभर वाट बघितली होती मी या घडीची. घसा साफ केला. छाती भरून श्वास घेतला. आणि एकेक अक्षर चावून म्हटलं,

"इथं... कोणी... रत्नप्रभा... राहत नाही!"

आणि ठेवला! काय सांगू तुम्हाला, अंगातून कढ उतरल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी अनूला शेवयांची खीर केली. का गं आई? असंच!

तीन दिवसांनी रत्नप्रभाबाई दारात. हसतमुख. "काय गं अनूची आई, पेढे कुठायत?"

"कसले?"

"अगं, शाळेतून फोन नाही आला? गेल्या वर्षी माझ्या हातून झालं ते... मन खात होतं गं माझं. ह्यांच्या मागे लागून साहेबांची चिठ्ठी घेतली, स्वतः शाळेत गेले, अनूचा सहावीचा फॉर्म भरून आले. आमचा फोन बंद, म्हणून नाव माझं सांगितलं आणि नंबर तुझा. तुला आधी बोलले नाही, म्हटलं, होऊ दे आणि मग अचानक सांगू..."

हातात पोळपाट होता की लाटणं, आठवत नाही. म्हटलं, नाही हो वहिनी... नाही आला फोन.

ती धावत गेली शाळेत, माझ्यासाठी, भर उन्हात. परत आली तोंड उतरवून. जागा गेली होती, पुढचं नाव घेतलं होतं. आणि माझ्या पाठीवर हात ठेवून काय म्हणाली माहितीये? "कारकून म्हणतो, कोणीतरी बाई म्हणाली इथं कोणी रत्नप्रभा राहत नाही. राँग नंबर लागला असेल गं. होतं असं. मनाला लावून नको घेऊ."

मनाला लावून नको घेऊ! अहो, शिव्या द्यायच्या ना! झिंज्या धरायच्या माझ्या! तो हात अजून जाणवतो मला पाठीवर. ह्यांना सांगितलेलं नाही. अनूला तर नाहीच. ती आतल्या खोलीत आहे, ऐकताय ना... टकटक टकटक... जाते त्याच जुन्या शाळेत, पहिली आली परवा. आणि मी वर्षभर जगाला वाटलेला तो नंबर बंद, त्यामुळे रत्नप्रभाबाईंनी सगळीकडे दिलाय माझा. रॉकेलवाला, शिंपी, कोळीण, सगळे आता इथंच...

ट्रिंग म्हटलं की जीव वर येतो हो. वाटतं, शाळाच असेल. तिसऱ्यांदा देव देईल... आला! थांबा हं, थांबा!

हॅलो? हो... हो हो, मीच जानकी! जानकी परब! इथंच राहते! ...काय? ...पुढारीणबाईंना बोलवू?

...गटार तुंबलंय? थांबा, चप्पल घालते. चौथं दार आहे, बोलावून आणते.