सुपारी फुटायच्या आधी

“हॅलो?… कल्याण?… अरं मोठ्यानं बोल, हितं मांडवात नुसता कालवा हाय…”

मांडव तिसगावात, भागूबाईच्या दारात. तिचा भाऊ आसाराम पाथर्डीहून जीप भरून माणसं घेऊन आला होता. त्याच्या अजिनाथशी तिच्या आरतीची सुपारी फुटायची होती. साटंलोटं. भावाची लेक स्नेहल आधीच तिच्या पोराला, कल्याणला दिलेली. आता तिची लेक भावाच्या घरात. पुण्याच्या दवाखान्यातून पोराचा फोन आला तसा तिनं हातातल्या ताटासकट तो कानाला लावला.

“बाळाचं सांग आधी. ताप उतरला?… आजार सापडला? मग ब्येस झालं की!… पांढऱ्या पेशी? व्हय… लई हाईत? मग झुंजंल की पोरगं!… न्हाई? का न्हाई?…

हळू सांग… रगतातनं पळत्यात… जखमंपाशी आल्या की कडंला चिकटायचं, मग भाईर पडायचं… आन् ह्याच्या चिकटतच न्हाईत? म्हंजी जीप भरून येती, पर फाट्यावर थांबतच न्हाई?… काखेतल्या गाठीत बी तेच? तिथं एकमेकींना धरून रोगाची वळख करायची, ती बी न्हाई?… म्हनून पू न्हाई. अगं बया…”

बेंबी लालबुंद, तरी पू नाही; नातवाचं अंग किती निर्मळ, हे तिनंच गल्लीभर सांगितलं होतं. महिना उलटला तरी नाळ पडेना, तेव्हाही म्हणाली होती, भाग्याचा आहे, आईला सोडवत नाही त्याला.

“नाळ बी त्याच्यामुळंच?… कल्याण… तुमच्या पहिल्या पोरीची बी लई उशिरानं पडली हुती रं… आमी म्हनलं, उसाच्या फडात गारठा लागून गेली…”

ताट कलंडलं. कुंकू पायावर सांडलं.

“आले रं, आले! सुपारी काय पळून चालली न्हाई!… तुला न्हाई, तुझ्या मामाला म्हनले. बोल… हे आलं कुठनं पर?… तुझ्यात निम्मं, स्नेहलमधी निम्मं… तुमच्यात कुनाकडनं?”

उत्तर ऐकून ती उंबऱ्यावर बसली.

“माझ्याकडनं. माझ्या आन् आसारामकडनं… काय? आरतीत बी? अजिनाथमधी बी?… असंल, नसंल, तपासल्याबिगर कळत न्हाई… अरं पर मानसं बसलीत! पानावर ठिवलीय सुपारी! आता थांबवली तर तुझा मामा स्नेहलला घिऊन जाईल, कळतंय का?… कोन म्हनतं थांबवा?… स्नेहल? दे तिला…

बोल, बाळ… रडू नगं… अगं, तुझ्या सख्ख्या भावाची सुपारी हाय, आन् तूच म्हनतीस?…”

पायावरचं कुंकू पदरानं पुसत ती ऐकू लागली.

“व्हय… व्हय… न्हाई, आरतीच्या वाट्याला न्हाई येऊ द्यायचं हे… वाचंल ना गं त्यो?… कुनाच्या तरी हाडातला मगज त्याला द्यायचा?… घरातल्याचा जुळतो कधी कधी?… कुनाकुनाचा बघत्यात?… मामाचा… आत्याचा… आज्याचा बी?”

तिनं मान वर केली. बाळाचा मामा अजिनाथ, आत्या आरती, आजा आसाराम. सगळे नव्या कपड्यांत समोर बसले होते.

फोन कानाला तसाच धरून ती मांडवाच्या मधोमध आली.

“आसाराम, सुपारी राहू दे तशीच. जीप काढ, पुन्याला जायचंय, नातवापाशी. का ते वाटंत सांगते… मोडली न्हाई रं, थांबवली. आरती, ऊठ. अजिनाथ, तू बी…

स्नेहल, हाईस ना गं?… न्हाई, वरडला न्हाई. उठला गं तुझा बाप. चपला घालतोय… ठिव आता, आलोच.”