न मोजता

गंगापूरच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढं शेळ्या राखणारी एक मावशी आणि तिची कॉलेजातली भाची सोनिया उभ्या होत्या. भाचीच्या कॉलेजात एका जपानी पिक्चरचे दोन्ही भाग बघून आल्या होत्या.

"मावशी, पिक्चर दाखवणाऱ्या सरांना असं तोंडावर बोलतात व्हय?"

"त्यांनीच इचारलं. म्हणलं, दुसऱ्याला पहिल्याची सर नाय."

"तुला जपानी कुठं येतं?"

"सरकार एका वर्गातली पोरं बेटावर सोडतं, एकमेकांना मारा म्हणतं. त्याला जपानी कशाला लागतंय? पहिल्यात एकेक पोरगं ध्यानात राहिलं. ती बुटाची नाडी बांधता बांधता मेली, तिच्यासाठी लई रडले मी. दुसऱ्यात सगळ्यांना एकच वर्दी आणि नुसत्या बंदुका. कोण मेलं तेच कळंना."

"सर म्हणाले ना, लढाईत माणसाला चेहरा नसतो."

"म्हणून त्यांना म्हणलं, माझ्या साठ शेळ्यांतली एक मागं राहिली तर न मोजता सांगते कोणती ते. तुमी आत्ता बघितलेल्या दुसऱ्या भागातलं मेलेलं एक पोरगं सांगा."

"सर किती वेळ पडद्याकडंच बघत होते."

"पडदा तर तू कवाच गुंडाळला होता, सोने."