सतरंजीवरचं सुतक

हसाल तुम्ही, पण सडक अर्जुनीला बदली झाली तेव्हा मी खोलीत खाट, खुर्ची काही घेतलंच नाही. दहा बाय दहाची खोली. भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंजी अंथरली आणि म्हटलं, ऐसपैस झालं. वर्षभरात त्या सतरंजीवर माझ्याशिवाय कोणी बसलं नाही.

एका रविवारी स्टोव्ह पेटवायचाही कंटाळा आला, म्हणून भिंतीला टेकून नुसता बसलो होतो. दार उघडं होतं. शेजारच्या काकू डोकावल्या, थबकल्या, डोक्यावर पदर घेतला आणि हळूच येऊन माझ्याजवळ बसल्या.

"कोन गेलं, भाऊ?"

घरात खाट नाही, खाली सतरंजी, स्टोव्ह थंड. त्यांना दुसरं काय वाटणार? "कोणी नाही" म्हणणारच होतो, तेवढ्यात त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"दूरचे काका," मी म्हणालो. मला काकाच नाहीत.

"मंग आमाले काऊन नाही सांगतलं?"

संध्याकाळी अख्खी गल्ली सतरंजीवर. तीन दिवस डबे आले, चहा आला, माणसं बसून राहिली. चौथ्या दिवशी कोणीच आलं नाही. मी तिथेच बसून विचार करत होतो, आता आत्याला मारावं की मामाला.